सहादू वाढपी आणि पाहुणा संघ

नोकरीची बहुतेक वर्षं मी मखमलाबादच्या शाळेत काढली. त्यामुळे त्या गावच्या लग्नांत मी जितकी जेवले, तितकी माझ्या नात्यातल्या लग्नांतही जेवले नसेन. मांडवात पंगत बसली की सगळ्यांचे डोळे एका माणसाला शोधायचे. बुटका, रुंद खांद्यांचा, टोपी मागे सरकवलेला सहादू पिंगळे डाव्या हाताला बुंदीची बादली अडकवून दोन रांगांमधून असा तिरका चालत यायचा, की कुणाच्या पत्रावळीला त्याचा पाय कधी लागला नाही. वाढपी हा काही त्याचा धंदा नव्हता. पोट मेथी-कोथिंबिरीच्या मळ्यावर चालायचं. पण गावात कुणाचंही कार्य असो, आचारी कोण हे ठरायच्या आधी सहादूला सांगावा जायचा.

त्याची नजर जेवणाऱ्याच्या तोंडाकडे नसे, पानाकडे असे. आणि ‘नको’ हा शब्द त्याच्या लेखी नकार नव्हताच. नको म्हणणं ही जेवणाऱ्याची रीत आणि तरी वाढणं ही वाढप्याची. खरोखर नको असेल तर दोन्ही हात पानावर आडवे धरायचे. हात आडवे आले की सहादू बुंदीचा एक दाणाही पडू देत नसे, लगेच पुढच्या पानाकडे वळे. गावातल्या पोराटोरांना हे ठाऊक होतं. मला नव्हतं. पहिल्या लग्नात मी नुसतीच ‘नको हो, नको हो’ करत राहिले आणि घरी जायला रिक्षा करावी लागली.

पुढे लग्नं गावातून लॉन्सवर गेली. पंगती उठल्या आणि माणसं हातात ताटली घेऊन भांड्यांपुढे रांग लावू लागली. सहादू लग्नाला जायचा, कोपऱ्यात उभा राहायचा आणि घरी येऊन म्हणायचा, “जेवले का उपाशी गेले, काय कळलं नाय.” तोवर मळ्याचे प्लॉट पडले होते. पक्कं घर झालं, दारात गाडी आली, आणि सहादूला दिवसभर करायला काही उरलं नाही. मग त्याने घरातच वाढायला सुरुवात केली. सून दीपमाला वजन कमी करत होती आणि सासरा तिच्या ताटात तिसरी भाकरी टाकत होता. स्वयंपाकघरात रोज कुरबुर व्हायला लागली.

त्याचा मुलगा संतोष माझा विद्यार्थी. सातपूरच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. शांत, हिशेबी, थोडा लवकर काळजीत पडणारा. त्याने वडिलांसाठी पाथर्डी फाट्याच्या एका सोसायटीत वॉचमनचं काम बघितलं. सावलीत खुर्ची, दुपारी डबा, अंगमेहनत नाही.

“काम वाईट नाही बाई,” तो मला म्हणाला. “घरात कटकट नको, एवढंच.”

“काम चांगलं हाय,” सहादू म्हणाला. “फक्त गेटावर जेवायला कोन येनार?”

अशात उज्वलाचा फोन आला. तीही माझीच विद्यार्थिनी, सहादूच्या शेजारची. वर्गात सगळ्यांचे डबे वाटून द्यायची, आता स्वतःचा केटरिंगचा व्यवसाय आहे. नाशिकच्या गोल्फ क्लबच्या क्रिकेट मैदानावर रणजी सामना होता आणि दोन्ही संघांच्या जेवणाचं काम पहिल्यांदा तिला मिळालं होतं. तिने सहादूकाकांना बोलावलं आणि संतोषसमोरच सांगितलं, “काका, चार दिवस बिनतक्रार गेले तर पुढचा सगळा हंगाम तुम्ही माझ्याकडे. तक्रार आली तर संतोष म्हणतो तिकडे जायचं. कबूल?”

“कबूल,” सहादू म्हणाला.

“बुफे आहे. हात मागे बांधून उभं राहायचं. मागितलं तर द्यायचं.”

“मागितलं तर?” सहादूने असं विचारलं, जणू तिने त्याला उलटं चालायला सांगितलं होतं.

संतोषने सोसायटीवाल्यांना सामना संपेपर्यंत थांबायला सांगितलं.

मी नाशकात होणारा एकही रणजी सामना सोडत नाही. उशी, शेंगदाणे आणि उन्हाची टोपी घेऊन पॅव्हेलियनच्या उजव्या हाताच्या पायऱ्यांवर बसते. जानेवारीची थंडी होती. मैदानाभोवती चालायला आलेली मंडळी कानटोपी काढायला तयार नव्हती. पाहुणा संघ दक्षिणेकडचा, क्षेत्ररक्षणाला उतरलेला. त्यांचा एक ताडासारखा उंच वेगवान गोलंदाज सकाळी असा धावून येत होता, की चेंडू पडायच्या आधी आमच्या फलंदाजाची पापणी पडायची. जेवणाला मैदान सोडताना त्याला टाळ्या मिळाल्या, आमच्याकडच्यासुद्धा.

जेवणाच्या तंबूत काय झालं ते मला नंतर उज्वलाने सांगितलं. टेबलं छान लागली होती. उकडलेल्या भाज्या, डाळ, भात, कोंबडी, दही, फळं. आणि पहिला दिवस म्हणून तिने मूगडाळीचा शिरा केला होता, नावाला. त्या शिऱ्यापाशी सहादू हात मागे बांधून उभा. पहिले दोघे-तिघे शिऱ्याकडे न बघताच पुढे गेले. सहादूने सहन केलं. मग तो उंच गोलंदाज आला. ताटलीत दोन चमचे भात आणि काकडीच्या चकत्या.

एवढा मोठा देह आणि एवढंसं पान! सहादूचे हात मागून पुढे आले ते त्यालाही कळलं नाही. एक डाव शिरा गेला. तो पोरगा हसून म्हणाला, “बस, अंकल, बस.” हात काही आडवा आला नाही. दुसरा डाव गेला. “नो, नो, अंकल.” हात अजूनही नाही. पांढऱ्या मिशीच्या माणसाला उलट कसं बोलायचं, म्हणून पोरगा मान डोलावत राहिला आणि सहादू वाढत राहिला. मग भांडं उचलून तो खुर्च्यांच्या मधून तिरका चालत सुटला. उज्वला दुसऱ्या तंबूत होती. ती परत येईपर्यंत शिऱ्याचा तळ दिसत होता आणि सगळा पाहुणा संघ मुकाट्याने खात होता.

जेवणानंतर खेळ सुरू झाला. सकाळचा तो गोलंदाज धावत येण्याऐवजी चालत आल्यासारखा येऊ लागला. मध्येच थांबून पोटावर हात ठेवायचा. आमच्या फलंदाजांनी चौकार मारायला सुरुवात केली. पायऱ्यांवर ओरडा सुरू झाला.

“अरे, झोपायला उशी देऊ का?”

“ह्याला सासुरवाडीला जेवू घालून आणलंय का कोणी?”

मी हसत होते. मला काय माहीत, सासुरवाडी कुणाची आहे ते!

चहाच्या वेळेला उज्वला धावत पायऱ्यांपाशी आली. “बाई, जरा चला ना. त्यांचा मॅनेजर इंग्रजीत भांडतोय आणि राग आला की माझं इंग्रजी पळून जातं.”

तंबूत एक सडपातळ, नीटनेटके गृहस्थ हातातली टोपी मुरगळत उभे होते. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की हे जेवण आहे की लग्न? यजमान संघाने पाहुण्या गोलंदाजांना मुद्दाम जड केलं, असा अर्थ कुणी काढला तर काय? मी माफी मागितली आणि सहादूकडे वळले.

“सहादूभाऊ, ते विचारतायत, पोरं नको म्हणत असताना का वाढलं?”

“नको तर सगळेच म्हंत्यात,” सहादू शांतपणे म्हणाला. “हात कुठं आडवा धरला? एकानं तरी? त्यांना विचारा.”

आता हे इंग्रजीत कसं सांगायचं? मी सांगितलं. स्वतः टेबलावरची रिकामी ताटली घेऊन तिच्यावर हात आडवे धरून दाखवले. मॅनेजर माझ्याकडे, मग सहादूकडे, मग ताटलीकडे बघत राहिले. त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, पण ते कर्तव्यदक्ष गृहस्थ होते. म्हणाले, “उद्यापासून हे गृहस्थ जेवणाच्या टेबलापाशी नकोत.” आणि गेले.

उज्वलाचं तोंड उतरलं. तक्रार आली होती, आणि तीही पहिल्याच दिवशी. पण तिच्याने त्याला जा म्हणवेना. “काका, एवढे दिवस पुरे करा. पण टेबलाला हात लावायचा नाही. तुम्ही पाणी बघा. नुसतं पाणी.”

सहादूचा चेहरा पडला. पंगतीत पाणी वाढायचं काम पोरांचं. दहा वर्षांचं पोर पाण्याचा जग घेऊन फिरतं, अर्धं पाणी लोकांच्या धोतरावर सांडतं. मीठ-लिंबूवाला त्याच्या वर, भातवाला त्याच्याही वर, आणि गोडाची बादली सर्वांत वर. त्या बादलीवरून सहादूला थेट जगावर उतरवलं होतं.

“पानी?” तो एवढंच म्हणाला. मग टोपी नीट केली. “त्यापरीस खुर्ची बरी. गेटाची.”

दुसऱ्या दिवशी तो आला, पण तंबूत गेला नाही. माझ्या शेजारी पायरीवर येऊन बसला. हात मांडीखाली दाबून.

“आज पाहुण्यासारखा आलो बाई. काम करायचं नाय. उज्वलाला सांगितलं, दुसरा मानूस बघ.”

“मग ठरलं?”

“ठरलं. संतोषला संध्याकाळी सांगतो.” तो मैदानाकडे बघत होता, पण खेळ बघत नव्हता. खेळाडू मैदानात उतरताना कोण काय खाऊन गेला असेल, तेच त्याच्या डोक्यात असावं. मी शेंगदाणे पुढे केले तर त्याने दोन घेतले आणि पुडी परत माझ्याकडे सरकवली. “तुमी घ्या. घ्या हो. आनखी घ्या.”

पाहुणा संघच अजून क्षेत्ररक्षण करत होता. ऊन होतं, पण वारा बोचरा. खेळाडूंनी बिनबाह्यांचे स्वेटर घातले होते. ड्रिंक्सच्या वेळी राखीव खेळाडू बाटल्यांची पेटी घेऊन गेले. बहुतेकांनी हात हलवून नको म्हटलं, एकदोघांनी ओठ ओले केले. कपाळावर घाम नव्हता, त्यामुळे तहान कशी लागणार?

दुपारी तो उंच गोलंदाज आमच्याच पुढे सीमारेषेजवळ उभा होता. चेंडू अडवायला वाकला आणि तिथेच पोटरी धरून कोसळला. संघाचा ट्रेनर धावत आला, त्याचा पाय सरळ करून पंजा मागे दाबू लागला. पोरगा दात आवळून गवत उपटत होता.

सहादू उभा राहिला होता. “काय झालं त्याला? लागलं?”

“लागलं नाही. पायात गोळा आला. थंडीत तहान लागत नाही, पाणी पोटात जात नाही, पण धावतात तर उन्हाळ्याइतकंच. मग असं होतं.”

“म्हंजे पानी भेटलं नाय त्याला?”

“भेटलं की. मघाशी बाटल्या नाही का आल्या? त्यानेच घेतलं नाही.”

सहादूने माझ्याकडे वळून बघितलं. पंगतीत कुणाचं पान रिकामं दिसलं की जसा बघायचा, अगदी तसा.

“बाई, घेतलं नाय म्हंजे वाढलं नाय.”

आणि टोपी मागे सरकवून तो पायऱ्या उतरला.

उज्वला सांगते, तो तंबूत आला तो कुणाशी न बोलता सरळ भांड्यांच्या पेट्यांकडे गेला. बाटल्या त्याने बाजूला सारल्या. स्टीलचे पेले काढले, स्टीलचा जग काढला. बर्फाचं पाणी ओतून दिलं आणि चुलीवरचं कोमट पाणी भरलं. थंडीत गार पाणी कोण पिणार? मग ट्रेनरला खुणेने विचारून लिंबू, मीठ, साखर घातली. ट्रेनरने चव बघून अंगठा वर केला.

चहाला खेळाडू तंबूत आले. मॅनेजरांनी सहादूला पाहिलं आणि ते उठायला लागले. मग त्यांना जग दिसला. ते पुन्हा बसले, पण खुर्चीच्या कडेवरच.

ह्या वेळी मी मुद्दाम बघायला गेले होते. सहादूने एकालाही ‘पाणी हवं का’ असं विचारलं नाही. विचारलं की माणूस नको म्हणतो, हे त्याला ठाऊक होतं. तो रांगेच्या एका टोकापासून सुरू झाला. पेला काठोकाठ भरायचा आणि समोर धरायचा. काठोकाठ भरलेला पेला समोर आला की माणसाचा हात आपोआप पुढे येतो, नाहीतर सांडतो. एकाने घेतला की पुढचा. शेवटच्या माणसाला देऊन सहादू मागे वळायचा, तोवर पहिल्याचा पेला रिकामा झालेला असायचा, आणि मग दुसरी फेरी.

उंच गोलंदाज पाय पुढे पसरून बसला होता. एक पेला झाला. दुसरा झाला.

“बस, अंकल,” तो म्हणाला.

“पाय कोनाचा धरला व्हता? माझा का तुझा?” सहादू मराठीत म्हणाला आणि तिसरा पेला पुढे केला.

पोराला शब्द कळले नसतील, पण त्याने पेला घेतला. शेजारचा खेळाडू खो खो हसला, तर सहादूने त्याच्याही हातात पेला ठेवला.

तिसऱ्या दिवशी आमची पंचाईत झाली. पाहुण्यांचे गोलंदाज आमच्या लांबलेल्या पहिल्या डावात दिवसभर सकाळच्यासारखेच धावत राहिले. उंच गोलंदाजाने तर चहानंतरही वेग सोडला नाही. आमचे गडी एकामागून एक परत येऊ लागले. मध्ये मध्ये सहादू सीमारेषेच्या दोरीबाहेर जग घेऊन दिसायचा. जो खेळाडू तिकडे क्षेत्ररक्षणाला येई, त्याच्यापुढे दोरीवरून पेला जाई. पंचांनी एकदा मागे सरकायला सांगितलं. सहादू दोन पावलं मागे सरकला आणि हात तेवढाच लांब केला. पायऱ्यांवरून लोक त्याच्यावर उखडले.

“ओ सहादूबाबा! तुमी कोनाच्या बाजूनं हाय?”

“मी पान्याच्या बाजूनं!”

“आपल्या पोरांना पाजा की जरा!”

“घरची पोरं मागून पित्यात,” सहादू ओरडला. “आधी पाहुने!”

पण संध्याकाळी आमच्या संघाचा ट्रेनरही उज्वलाकडे आला. म्हणाला, ते जगवाले काका उद्या आमच्याकडेही पाठवा, आमची पोरंही पाणी पीत नाहीत. उज्वलाने मला हे सांगितलं तेव्हा तिचा आवाज जरा चढलेला होता. पाहुण्यांचे मॅनेजरही माझ्याशेजारून जाताना थांबले. तुमच्याकडे सगळे असेच असतात का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, “असतात. हा जरा जास्त आहे.” ते हसले. पहिल्या दिवशी जे ओठांच्या कोपऱ्यात अडलं होतं, ते पूर्ण बाहेर आलं.

चौथ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीच्या आसपास संतोष आला. ऑफिसचा शर्ट, खिशाला पेन, पायात पॉलिश केलेले बूट. सोसायटीवाल्यांचा सकाळपासून दोनदा फोन येऊन गेला होता. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशीही त्याने वडिलांच्या तोंडून ‘थांब जरा’ एवढंच ऐकलं होतं, आणि आज त्याला काय ते एकदाचं हवं होतं.

तंबूमागच्या मोकळ्या जागेत सहादू पेले विसळत होता. उज्वला शेजारी उभी. तिने अजून त्याला पुढच्या कामाचं काहीच सांगितलं नव्हतं, हे मला माहीत होतं. तिच्या मनात तक्रारीचं कुठेतरी टोचत होतं. कबूल केलेलं होतं ना.

“आबा, त्यांना आता सांगावं लागेल,” संतोष म्हणाला. “हो का नाही?”

सहादूने उज्वलाकडे बघितलं. ठरलेलं त्यालाही आठवत होतं, आणि तो मागणारा माणूस नव्हता.

उज्वलाने पदर खोचला. “काका, तक्रार आली होती, ते खरं. पण पुढच्या महिन्यात नाशकात मॅरेथॉन आहे. पाण्याची टेबलं लावायचं काम मला मिळतंय. हजारो माणसं पळत येणार. पळताना त्यांना पाणी द्यायचं. आणि अडचण अशी, की ती थांबत नाहीत.”

“थांबत नाय?” सहादूने पेला खाली ठेवला. “मंग आग्रह कसा करायचा?”

“ते तुम्ही बघायचं. पोरं हाताखाली देते. पण सगळं पाणी तुमचं.”

“गोड?”

“गोडाला हात लावायचा नाही.”

सहादू विचारात पडला. हे काही साधं नव्हतं. बसलेल्या माणसाचं पान तरी समोर असतं. पळत्या माणसापुढे काठोकाठ पेला धरला तर तो सगळा त्याच्या अंगावर. अर्धा भरला तर पोटात काय जाणार? हात कुठे धरायचा, पुढे की बाजूला? त्याने जग उचलला, एक पेला भरला, थोडं पाणी ओतून टाकलं, पुन्हा भरला.

“संतोष, तू त्या खांबापास्न पळत ये बरं.”

“आबा, मी विचारलं काय...”

“ये तर. थांबायचं नाय हां. त्या लोकांवानी.”

संतोषने आमच्याकडे बघितलं. उज्वला तोंडावर हात धरून दुसरीकडे बघत होती. मी जन्मभर शिक्षिका होते. मी नुसती ‘जा’ म्हणून मान हलवली. तो खांबापर्यंत गेला, खिशातलं पेन काढून माझ्याकडे दिलं आणि त्या पॉलिश केलेल्या बुटांनी पळत आला. सहादू त्याच्या बाजूने तिरका धावला, पेला पुढे करून. संतोषने हात मारला, पेला मिळाला, पण अर्धं पाणी शर्टावर आणि उरलेलं घशात न जाता नाकात. तो खोकत थांबला. तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला.

“पानी पोटात गेलं का?” सहादूने विचारलं.

“गेलं थोडं.” संतोषने नाक पुसलं आणि फोन कानाला लावला. “हो, बोलतोय... नाही हो, त्यांना नाही जमणार... नाही, तब्येत उत्तम आहे. दुसरं काम लागलंय... पाण्याचं.” मग बराच वेळ तो पलीकडचं ऐकत राहिला. “नाही, टँकरचं नाही. ते तुम्हाला सांगता येणार नाही मला.”

त्याने फोन बंद केला तेव्हा सहादू नवा पेला भरत होता. ह्या वेळी काठापासून बोटभर खाली.

“थोडं जाऊन भागत नाय,” तो म्हणाला. “जा, परत ये. आन बूट काढ, त्यानं तुझा पाय सटकतोय.”

संतोष खाली बसून बुटांच्या नाड्या सोडू लागला.